दुसऱ्याची चाल : आशा पुथली यांच्या एका ध्वनिमुद्रिकेविषयी

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना एक गोष्ट ठाऊक असेलच. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक ठशात 'चाल' हा शब्द असे आणि त्यापुढे कोणत्यातरी दुसऱ्याच गाण्याचा आरंभ छापलेला असे. ती चाल कधी एखाद्या ख्यालाच्या बंदिशीची, कधी लावणीची, कधी पारशी रंगभूमीवरील गझलेची, तर कधी कानडी पदाची असावयाची. अण्णासाहेब किर्लोस्कर हे जन्माने गुर्लहोसूरचे, म्हणजे कानडी मुलखातले. तेव्हा १८८२ च्या 'सौभद्रा'त कानडी वळणाच्या चाली आल्या यात नवल नाही. पुढे १९११ साली 'मानापमाना'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला आणि १९१६ साली 'स्वयंवरा'साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीच्या भांडारातून चाली काढून दिल्या. यांपैकी कोणासही उसनवारीची लाज वाटली नाही. पदावर छापलेला तो 'चाल' शब्द म्हणजे घेतल्याची उघड पावतीच होती. प्रेक्षकही, हे मूळचे कोणाचे, असे विचारीत बसत नसत. गाणाऱ्याने त्याचे काय केले एवढेच पाहावयास ते रात्र रात्र जागत.

ही आठवण आज होण्याचे कारण एक इंग्रजी ध्वनिमुद्रिका आहे. १९७३ साली सीबीएस कंपनीने आशा पुथली या मुंबईच्या गायिकेची, त्यांचेच नाव शीर्षकास दिलेली, लाँगप्ले तबकडी युरोपात प्रसिद्ध केली. या बाईंचे नाव तत्पूर्वी गाजले होते ते जॅझसंगीतात, आणि तेही जॅझमधील अत्यंत दुर्गम समजल्या जाणाऱ्या प्रांतात. असे असता या तबकडीवर त्यांनी काय गायले? जॉर्ज हॅरिसन, जे. जे. केल, बिल विदर्स अशा समकालीनांची, वर्ष-दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेली पॉपगाणी. जॅझच्या सोवळ्या रसिकांनी यावर नाक मुरडले. बाई जॅझ सोडून बाजारात गेल्या, असा आक्षेप तेव्हापासून आजतागायत या ना त्या रूपाने ऐकू येतो. तो आक्षेप तपासून पाहावा असे आमच्या मनात आले. आणि तपासताना असेही दिसले की, या तबकडीमागे जो मुंबई-गोव्याचा इतिहास उभा आहे, त्याची नोंद आपण मराठी-कोंकणीच्या लोकांनी फारशी ठेवलेलीच नाही.

चिंताकीसारख्या गावी बसून लंडनमध्ये मुद्रित झालेल्या इंग्रजी गाण्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांस हसू येईल. चिंताकी हे बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली, तेव्हा एकाच बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. सीमा आखणाऱ्यांनी माणसांची वाटणी केली. गाण्यांची करणे त्यांच्या हाती नव्हते. आमच्या बाजूस मराठी अभंग म्हणणाऱ्याच्या घरी बोलणे कानडीत चालते, आणि वचन म्हणणारा बाजारात मराठी बोलतो. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरात ज्यांची समाधी आहे त्या माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे केली, आणि ती म्हणणाऱ्यांनी कधी भाषेवरून त्यांची वर्गवारी केल्याचे आम्ही पाहिले नाही. चाल एका घरून दुसऱ्या घरी जाते, आणि जाताना तिचा पोशाख बदलतो, हे सीमेवरच्या माणसास शिकवावे लागत नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांसही आहे, असे आम्ही धरून चालतो.

मूळ कथा मुंबईत सुरू होते, आणि तिचा पाया गोव्याच्या माणसांनी घातलेला आहे. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांतून मेस्ताच्या हाताखाली पोरे सोल्फा शिकत, फिडल शिकत, कागदावरची स्वरलिपी पाहताच वाजविण्यास तयार होत. देवाची प्रार्थना गाण्यासाठी दिलेली ही विद्या पुढे पोटासाठी मुंबईस आली. धोबीतलावच्या परिसरात गावोगावचे कूड होते. एकेका कुडात त्या त्या गावची माणसे पेट्या ठेवून राहत. खलाशी, स्वयंपाकी आणि वादक हे एकाच छताखाली. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवावयास आला. पुढे टेडी वेदरफोर्ड आला; तो १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारला. या मंडळींचे वादन गोव्याच्या वादकांनी जवळून ऐकले. स्वरलिपी त्यांना येतच होती. तिच्यात लिहिलेले नसते ते वाजवावयाचे कसे, हे त्यांनी या पाहुण्यांपासून उचलले.

हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ मुंबईत 'चिक चॉकलेट' झाला आणि त्याच्या ट्रंपेटमुळे लोक त्यास हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मिकी कोरिया याने सुमारे दोन दशके ताजमध्ये आपला ताफा चालविला. रात्री हॉटेलात जॅझ वाजवावयाचे आणि सकाळी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणास जावयाचे, असा या लोकांचा दिनक्रम. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तील गाण्यांस जो नवा झोक होता, त्यात चिक चॉकलेटचा हात होता. त्या चित्रपटात तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यवृंदाचा देह दिला. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच येत. आली तर 'सहाय्यक' म्हणून. फ्रँक फर्नांड यांनी मात्र १९६३ साली 'आमचें नशीब' आणि १९६६ साली 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढून आपले ऋण आपल्या भाषेस फेडले. आपण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बसून ज्या गाण्यांना हिंदी म्हणतो, त्यांच्या कितीतरी सुरावटींची पहिली लेखणी कोंकणी माणसाच्या हातात होती. याचा विसर पडणे हा साधा विसर नव्हे. वादकाच्या कष्टावर पडलेला तो पडदा आहे.

याच काळात आकाशवाणीवर वेगळाच प्रकार चालला होता. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताची अभिरुची लोकांत रुजावी या हेतूने त्यांनी चित्रपटगीतांवर कात्री चालविली. हेतू उदात्त होता, हे मान्य केले पाहिजे. परिणाम असा झाला की, घरोघरच्या श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन धरले. सिलोनवर हिंदी गाणी मिळतच. त्याचबरोबर इंग्रजी लोकप्रिय गाणीही मिळत. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम रात्री लागू लागला. ते संथ, स्पष्ट इंग्रजी बोलत, म्हणजे परदेशच्या श्रोत्यांस समजावे. १९५७ साली विविधभारती निघाली तोवर एका पिढीच्या कानास परदेशी सूर सरावून गेले होते. केसकरांनी दार लावले आणि वारा खिडकीने आला, असेच म्हणावे लागते.

त्या पिढीतील एक मुलगी म्हणजे आशा पुथली. आशाबाई म्हटले की मराठी मनास भोसलेच आठवतात, म्हणून येथे आम्ही पूर्ण नावच लिहितो. १९४५ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीने हिंदुस्थानी रागसंगीताचे शिक्षण घेतले आणि युरोपीय ऑपेराच्या गायनाचेही घेतले. हे दोन्ही अभ्यास एका गळ्यात मावणे सोपे नाही. रागसंगीतात आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने सरकतो, मधली वाट दाखवितो. ऑपेरात प्रत्येक स्वर आपल्या जागी भरीव उभा राहावा लागतो. या दोहोंच्या मध्ये त्यांना जॅझ सापडले. तेथे सरकण्यासही मुभा होती आणि उभे राहण्यासही. शिवाय, आयत्या वेळी सुचेल ते गाण्याची जी सवय रागसंगीताने लागलेली असते, तिला तेथे मान होता.

१९६८ च्या सुमारास सर्फर्स नावाच्या वाद्यमंडळाबरोबर त्यांची एक छोटी तबकडी येथेच निघाली. पंचेचाळीस फेऱ्यांची, चार गाण्यांची. 'सनी', 'फीव्हर' यांसारखी त्या काळची इंग्रजी गाणी तीवर आहेत. 'सनी' हे बॉबी हेब याचे गाणे १९६६ चे. म्हणजे अमेरिकेत गाजल्यानंतर दोन वर्षांच्या आत ते मुंबईच्या मुलीच्या गळ्यात उतरले. हा तपशील आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण पुढे 'जॅझ सोडून पॉपकडे गेल्या' असे जे म्हटले जाते त्यातील क्रमच चुकीचा आहे. ज्या पहिल्या तबकडीवर त्यांचा आवाज उमटला, तीच मुळी समकालीन लोकप्रिय गाण्यांची होती. त्यांच्यापुरता जॅझ हा गाण्यांचा वेगळा साठा नव्हता, गाण्याची रीत होती.

वेद मेहता या अंध लेखकाने १९७० साली हिंदुस्थानाविषयी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात मुंबईच्या जॅझवर एक प्रकरण आहे आणि त्यात ही तरुण गायिका भेटते. दरम्यान नृत्याच्या शिष्यवृत्तीच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या होत्या. ग्रंथातील ते वर्णन जॉन हॅमंड यांच्या वाचनात आले. बिली हॉलिडे हिला प्रथम ध्वनिमुद्रणास उभी करणारा आणि बॉब डिलनला करारबद्ध करणारा हाच गृहस्थ. हॅमंडने त्यांना ऑर्नेट कोलमनकडे पाठविले. कोलमनचे संगीत म्हणजे ठरलेल्या स्वरसंवादांची चौकट मोडून टाकलेले जॅझ. भले भले वादकही तेथे चाचपडत. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेल्या 'सायन्स फिक्शन' या त्याच्या तबकडीवर दोन गाणी आशा पुथली यांनी गायली आहेत. भोवती शिंगवाद्यांचा कल्लोळ, खाली चार्ली हेडनच्या बासचे धीरगंभीर चालणे, आणि त्या गर्दीतून एकटा, ताणलेला, किंचित कापरा आवाज वर जातो. तंबोऱ्यावर षड्ज लावून बसण्याची सवय ज्याला आहे त्यालाच हे साधावे, असे आम्हांस ती गाणी ऐकताना वाटते. कारण जेथे चौकट नाही तेथे आपला आधारस्वर आपल्यालाच मनात धरून ठेवावा लागतो. 'डाउनबीट' या जॅझच्या नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात त्यांचे नाव झळकले. या कीर्तीच्या बळावर त्या सहज जॅझच्या मठात कायमच्या राहू शकल्या असत्या.

आता लंडनच्या तबकडीकडे वळू. तीविषयी बोलण्यापूर्वी जॅझ आणि लोकप्रिय गाणे यांचे नाते थोडे उलगडले पाहिजे, कारण आक्षेपाचे मूळ तेथे आहे. जॅझगायकांनी आरंभापासून बाजारातलीच गाणी गायली. बिली हॉलिडे हिने १९३० च्या दशकात जी गाणी गायली ती न्यूयॉर्कच्या व्यावसायिक गीतकारांनी नाटकांसाठी आणि छापील स्वरलिपीच्या विक्रीसाठी रचलेली होती. कोलमन हॉकिन्सने १९३९ साली 'बॉडी अँड सोल' हे गाणे सॅक्सोफोनवर वाजविले, तेव्हा मूळ चाल त्याने दोन-चार मात्रांतच मागे टाकली. तरी तो जॅझचा मानदंड ठरला. मग तेव्हा आक्षेप का नव्हता? आमच्या मते कारण असे की, त्या काळी गाणे कागदावर राहत असे. छापील स्वरलिपी विकत घेणारा प्रत्येक जण त्याचा सारखाच धनी. आपल्या बंदिशीचेही तसेच आहे. सदारंगाची बंदिश कोणी पहिल्यांदा कशी म्हटली, हे कोणासही ऐकावयास मिळत नाही. म्हणून प्रत्येक घराण्याची बंदिश खरीच असते.

लाँगप्ले तबकडी १९४८ साली आली आणि पुढच्या वीस वर्षांत ही स्थिती पालटली. गाणे आता कागदावर न राहता तबकडीवर राहू लागले. बीटल्स किंवा डिलन यांचे गाणे म्हणजे नुसते शब्द आणि चाल नव्हे; तो विशिष्ट आवाज, ते विशिष्ट वाद्य, तो स्टुडिओतला घुमारासुद्धा गाण्याचाच भाग झाला. दुसऱ्या कोणी ते गायले की ऐकणाऱ्याच्या मनात मूळ तबकडी फिरू लागे आणि तुलना सुरू होई. जॅझगायकांपुढे यामुळे मोठाच पेच पडला. जुनीच गाणी गात राहावे तर तरुण श्रोता दूर जातो. नवी गावीत तर लोक म्हणतात, मूळ बरे होते. १९६९ साली एला फिट्झजेराल्ड यांनी लंडनमध्येच एक तबकडी केली. तीत बीटल्स, रँडी न्यूमन आणि डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय गीतकारांची ताजी गाणी होती. एवढी मोठी गायिका, पण त्या प्रयोगाकडे जाणत्यांनी थोड्या कुचेष्टेनेच पाहिले. आम्ही ती ऐकली आहे. काही गाण्यांत एलाबाईंचा आवाज घरच्यासारखा वावरतो. काही ठिकाणी मात्र दुसऱ्याच्या घरी पाहुणचार घेणाऱ्या वडीलधाऱ्या बाईसारखे अवघडलेपण जाणवते. त्या तबकडीवरही जॉर्ज हॅरिसनचे एक गाणे आहे.

आशा पुथली यांच्या तबकडीची सिद्धता डेल न्यूमन यांनी केली. एल्टन जॉन आणि कॅट स्टीव्हन्स यांच्या गाण्यांस तंतुवाद्यांची साथ रचून देणारे हे कुशल गृहस्थ. वयाने गायिका अठ्ठावीस वर्षांच्या. निवडलेली गाणी त्यांच्याच पिढीची. त्यामुळे एलाबाईंचे अवघडलेपण येथे नाही. जे. जे. केल याचे 'राइट डाउन हिअर' मूळ तबकडीवर (१९७२) ओसरीवर बसून गुणगुणल्यासारखे आहे. आवाज वाद्यांच्या मागे लपलेला. आशा पुथली यांनी ते पुढे आणून ठेवले आहे. लय आवळली आहे आणि आवाज त्या लयीच्या कधी किंचित पुढे, कधी किंचित मागे असा खेळत राहतो. तबल्याच्या सम-कालाची जाण ज्यांना आहे त्यांना ही गंमत तत्काळ कळेल. बिल विदर्स याचे 'लेट मी इन युअर लाइफ' हेही त्याच १९७२ चे. मूळात तो पुरुषी, साधा, आर्जवी आवाज आहे. येथे तेच आर्जव एका बाईच्या तोंडी आले की त्याचा अर्थच थोडा बदलतो. मागणे तेच, पण मागणारीस आपले मोल ठाऊक आहे.

हॅरिसनच्या गाण्याविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे. हा गृहस्थ १९६६ च्या शरदात रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला आणि ताजमध्ये उतरला. ज्या ताजमध्ये तीस वर्षांपूर्वी गोव्याची पोरे कृष्णवर्णीय वादकांकडून जॅझ शिकली, तेथेच एक इंग्रज राग शिकावयास उतरला, ही योगायोगाची गोष्ट आम्हांस फार आवडते. १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा आला आणि मुंबईच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा, आशिष खाँ प्रभृतींकडून त्याने एका चित्रपटाचे संगीत वाजवून घेतले. तो इकडे आला हिंदुस्थानी सूर न्यावयास. मुंबईची मुलगी तिकडे गेली आणि तिने त्याचे जे गाणे घेतले त्यात हिंदुस्थानी असे काहीच नव्हते. 'आय डिग लव्ह' हे त्याच्या १९७० च्या तीन तबकड्यांच्या संचातील एक गमतीदार, शब्दांशी खेळणारे, पियानोवर ठोकत ठोकत चालणारे गाणे. समीक्षकांनी त्यास फारसे महत्त्व दिले नव्हते. आशा पुथली यांनी ते जवळजवळ कुजबुजत गायले आहे. शब्द श्वासात विरतात, श्वासच स्वराचे काम करतो. हॅरिसनच्या गाण्यात नुसता खेळकरपणा होता, तो येथे उघड शृंगार झाला. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस हे कदाचित रुचणार नाही. पण बैठकीच्या लावणीत गाणारीण एकाच ओळीवर बसून तिच्या दहा अदा दाखविते, त्या परंपरेची ज्यांना ओळख आहे त्यांनी फार दचकू नये.

त्या काळी पाश्चात्य बाजारात हिंदुस्थानी संगीत म्हटले की सतार, असे समीकरण झाले होते. आनंद शंकर यांनी १९७० साली रोलिंग स्टोन्सचे गाणे सतारीवर वाजवून ते आणखी पक्के केले. आशा पुथली यांनी ही इंग्रजी गाणी इंग्रजी म्हणूनच गायली. रागसंगीताचा अभ्यास गळ्याच्या वळणात राहू दिला, पाटी म्हणून लावला नाही. हे धाडस होते, आणि त्याची किंमतही पडली. जॅझवाले म्हणाले, हे जॅझ नव्हे. पॉपचा व्यापारी म्हणाला, हिंदुस्थानी बाई आहे तर हिंदुस्थानी काय आहे ते दाखवा.

तबकडी निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. न्यूमन यांच्या तंतुवाद्यांनी काही जागी इतका मखमली पडदा टाकला आहे की, आवाजाची धार त्यामागे बोथट होते. कोलमनच्या दोन गाण्यांत जो निखारा आहे, तो येथे सर्वत्र पेटलेला नाही. परंतु अमुक गाणी निवडली म्हणून गायिका पतित झाली, हा जो न्याय आहे तो आम्हांस मान्य नाही. असाच न्याय आपल्याकडेही लावला गेला आहे. १९६४ साली किशोरी आमोणकर यांनी व्ही. शांताराम यांच्या 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटासाठी गायले, तेव्हा त्यांच्या माता आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर यांस ते मुळीच रुचले नाही. मोगूबाईंचा राग समजण्याजोगा होता. गोव्यातल्या कुर्डीहून निघून त्यांनी जी विद्या हाडाची काडे करून मिळविली, तिचे मोल त्यांना ठाऊक होते. किशोरीताई त्या वाटेवरून परतल्या आणि १९९० साली 'दृष्टी'ला संगीत देण्यापुरत्याच पुन्हा तिकडे वळल्या. आशा पुथली यांच्यामागे असा उंबरठा नव्हता. परतावयास घर नाही म्हणून त्या मोकळ्या राहिल्या. आणि घर नाही म्हणूनच त्यांची नोंद ठेवणारेही कोणी उरले नाही.

याच्या शेजारी आम्हांस आणखी एक मुंबईकर आवाज ठेवावासा वाटतो. तो कोंकणी वाचकांच्या ओठांवर आधीच आला असेल. लॉर्ना कोर्देरो या आशा पुथली यांच्याहून वर्षाने लहान. चर्चगेटच्या बाजूस ॲस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस' येथे जॅझ चाले. तेथे मडगावच्या बोर्डा भागातला ट्रंपेटवादक क्रिस पेरी आणि त्याची ही गायिका इंग्रजी गाणी सादर करीत. क्रिस पेरीने एक वेगळे काम केले. जॅझच्या गायिकेला परदेशची पॉपगाणी गावयास देण्याऐवजी त्याने तिच्यासाठी कोंकणीतच नवी लोकप्रिय गाणी रचली आणि त्यांना जॅझचा व लॅटिन नृत्यसंगीताचा साज चढविला. 'बेबदो', 'पिसो', 'नाच्यां-या कुंपासार' ही गाणी गोव्याच्या लग्नघरांत आज दोन पिढ्या वाजत आहेत. लॉर्नाबाईंचा आवाज जाड, रगदार, छातीतून येणारा. आशा पुथली यांचा तलम. एकीने जॅझची रीत मातृभाषेत आणली, दुसरीने ती घेऊन परक्या भाषेतली गाणी आपली केली. रीत मात्र दोघींना एकाच शहराने दिली. १९७० च्या दशकात लॉर्नाबाई आणि क्रिस पेरी यांची फारकत झाली आणि सुमारे दोन तपे त्यांचा आवाज लोकांस ऐकू आला नाही. १९९५ साली 'हॅलो लॉर्ना' घेऊन त्या परत आल्या, तेव्हा गोव्यात त्यांच्या स्वागतास जो समुदाय लोटला, त्याची आठवण लोक अजून काढतात. क्रिस पेरी २००२ साली निवर्तले. २०१४ साली त्या गाण्यांवर बार्ड्रॉय बार्रेटो यांनी कोंकणी चित्रपट काढला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोंकणी समाजाने आपल्या गायिकेची आठवण ठेवली, हे त्याचे भूषण आहे.

आशा पुथली यांच्या वाट्यास वेगळीच स्मृती आली. १९७६ साली त्यांनी 'द डेव्हिल इज लूज' ही तबकडी केली. तीवरील 'स्पेस टॉक' हे गाणे न्यूयॉर्कच्या नृत्यशाळांत गाजले, आणि १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या कृष्णवर्णीय रॅपगायकाच्या तबकडीत त्याचा तुकडा वापरला गेला. तेव्हापासून तरुण वादक जुन्या तबकड्यांच्या ढिगातून त्यांचा आवाज शोधून काढू लागले. एकेकाळी ज्यांनी इतरांच्या चाली घेतल्या, त्यांची चाल आता इतर घेऊ लागले. २०२२ साली इंग्लंडच्या एका कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला. ही सर्व हालचाल लंडन-न्यूयॉर्ककडे झाली. मुंबईच्या, म्हणजे जेथे हे सर्व सुरू झाले त्या शहराच्या संगीताचा इतिहास मराठीत लिहिताना नाट्यगीत येते, भावगीत येते, चित्रपटगीत येते. चर्चगेटच्या हॉटेलांतील रात्री, धोबीतलावचे कूड आणि त्यांतून निघालेले आवाज येत नाहीत, कारण ते इंग्रजीत गायले गेले. नाटकातल्या पदावर कानडी चाल छापणाऱ्या लोकांना ही सबब शोभत नाही.

त्या चार गाण्यांच्या मुंबईच्या छोट्या तबकडीची प्रत आता दुर्मिळ आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची घरे माहीम, वांद्रे, गिरगाव येथे आहेत आणि काहींच्या आजोबांनी त्या हॉटेलांतून व्हायोलिन वा सॅक्सोफोन वाजविला असेल. माळ्यावरच्या पेट्यांत अशा तबकड्या, ताफ्यांची छायाचित्रे, हाताने उतरवलेल्या स्वरलिपीच्या वह्या पडून असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. छायाचित्रात कोण उभे आहे, कोणत्या हॉटेलात आणि कोणत्या साली, एवढे तरी सांगणारी माणसे हयात आहेत तोवर मागे लिहून ठेवावे आणि जमल्यास त्याची एक नक्कल या मासिकाकडे धाडावी.